'गव्हर्नन्स' म्हणजे शासन, प्रशासन की कारभार? (शाळेच्या संदर्भात)

ओसरी

नमस्कार मंडळी.

गेले तीन महिने मी एका संशोधन अहवालाचं मराठीकरण करतेय. विषय जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि त्यांच्या शाळा व्यवस्थापन समित्या, म्हणजे मुख्यतः पालकांच्या समित्या. बाकीचा मजकूर हातासरशी होतो, पण एका शब्दापाशी रोज घोडं अडतं. तो शब्द म्हणजे 'गव्हर्नन्स'.

'शासन' लिहावं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट मंत्रालय येतं, जीआरच्या माथ्यावरचं 'महाराष्ट्र शासन' येतं. 'प्रशासन' लिहावं तर शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि फायली. 'सुशासन'मध्ये 'सु' आधीच लागलेला, म्हणजे तपासण्याआधीच पास केल्यासारखं. विद्यापीठात 'अभिशासन' म्हणतात. तो शब्द मी गेल्या महिन्यात केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वापरला. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर करून विचारलं, "मॅडम, म्हणजे नेमकं काय हो?" मला एका वाक्यात सांगता आलं नाही. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं.

धोरणाच्या कागदांत हा शब्द कसा शिरला ते थोडक्यात सांगते. १९८९ साली जागतिक बँकेने सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांवर एक अहवाल काढला. इतकी कर्जं देऊनही गाडी पुढे का जात नाही, तर मुळात 'गव्हर्नन्सचं संकट' आहे, असं त्यात म्हटलं होतं. कर्जदार देशाच्या राजकारणात पडायचं नाही हे बँकेच्या घटनेतच लिहिलेलं. त्यामुळे राजकारणाचं नाव न घेता राजकारणाबद्दल बोलायला हा शब्द फार सोयीचा ठरला. पुढे नव्वदच्या दशकात ब्रिटनमधल्या राज्यशास्त्रज्ञांनी तोच शब्द वेगळ्या अर्थाने घेतला. निर्णय आता एकटं सरकार घेत नाही. कंपन्या, संस्था, स्थानिक मंडळं, तज्ज्ञ यांच्या जाळ्यात तो घडतो, आणि त्या जाळ्याला त्यांनी हे नाव दिलं.

म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात दोन अर्थ. पहिला मोजपट्टी आहे: कारभार चांगला की वाईट. दुसरा वर्णन आहे: कारभार चालतो कसा, कोणाकोणाच्या हातून. शिक्षणावरच्या संशोधनात हे दोन्ही अर्थ येतात आणि कुठे कोणता घेतलाय हे बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं. माझ्या हातातल्या अहवालात तर एकाच परिच्छेदात दोन्ही आहेत.

आता सगळ्यांना माहीत असलेलं एक उदाहरण घेऊ. गणवेश.

२०२३-२४ पर्यंत गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे. एका गणवेशाचे ३०० रुपये, दोनचे ६००. समिती ठराव करायची, दुकान ठरवायची. मग 'एक राज्य एक गणवेश' आलं. २०२४-२५ साठी कापड राज्यस्तरावर घ्यायचं, एक गणवेश बचत गटांच्या महिलांकडून शिवून घ्यायचा. दुसरा स्काउट-गाइडच्या धर्तीचा. त्याचं कापड शाळेला आणि शिलाईला १०० रुपये, वर आनुषंगिक खर्चाला १० रुपये समितीला. गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत, मापांच्या तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये नवा शासन निर्णय निघून २०२५-२६ पासून अधिकार पुन्हा समितीकडे आले.

यात पुस्तकं तीच, शिक्षक तेच, मुलं तीच. मग बदललं काय? माप कोण घेणार ते बदललं. सातवीतली मुलगी दिवाळीपर्यंत दोन बोटं वाढणार, हे गावच्या शिंप्याला ठाऊक असतं. तो शिलाईत तेवढी माया सोडतो. सदरा आखूड निघाला तर आई त्याच्या दारात जाऊन उभी राहू शकते. कापड राज्यस्तरावर ठरलं की तिने कोणाच्या दारात जायचं?

मला वाटतं गव्हर्नन्स म्हणजे एवढंच आहे आणि हेच सगळं आहे. निर्णय कोणाच्या हातात, पैसा कुठल्या वाटेने येतो, आणि बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा. पण याला मराठीत म्हणायचं काय?

---

मृण्मयी

कारभार!

"घरचा कारभार कोण बघतं?" असं विचारलं की किल्ल्या कोणाकडे, शब्द कोणाचा चालतो, दुखलं-खुपलं कोणाला सांगायचं, सगळं एका शब्दात येतं. आमच्याकडे आजी अजून आजोबांना 'कारभारी' म्हणते. आणि खरा कारभार तिच्याच हातात आहे, हेही घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या अहवालातल्या समित्यांचं असंच काही असेल ना? नावाला एक आणि प्रत्यक्षात दुसरंच कोणी?

---

जुनीपाटी

ओसरीताई, धागा वाचून राहवलं नाही. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. तुम्ही पैशाची वाट म्हणालात, त्यावर सांगतो.

शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. माझ्या शेवटच्या शाळेचा पट २७. म्हणजे वर्षाचे दहा हजार. खडू, वीजबिल, नळाची तोटी, रंगाचा डबा, सगळं त्यात.

पूर्वी ही रक्कम समितीच्या खात्यात जमा व्हायची. अध्यक्ष आणि मी, दोघांच्या सहीचा धनादेश. अध्यक्ष शेतकरी माणूस. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघे बँकेत जायचो, पासबुक भरून घ्यायचो, आणि ते पासबुक परत येताना तो आपल्या खिशात ठेवायचा. मी कधी मागितलं नाही. ते त्याच्या खिशात असणं मला फार बरं वाटायचं.

२०२१ पासून पद्धत बदलली. केंद्राच्या प्रत्येक योजनेचा पैसा राज्यात त्या योजनेच्या एकाच मध्यवर्ती खात्यात राहू लागला, शाळेचं खातं शून्य शिलकीचं झालं, आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळू लागली. लाखो शाळांच्या खात्यांत पैसा पडून राहायचा, सरकार तिकडे कर्जावर व्याज भरायचं, ते थांबावं हा हेतू. हेतू रास्तच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा संपते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमची मर्यादा आली २६ मार्चला. पत्रे बदलायचे होते. पाच दिवसांत पत्रे, माणूस, बिल, सगळं कुठून उभं करणार? अध्यक्ष म्हणाला, "गुरुजी, पैसे आलेत म्हणता, मग पुस्तकात दिसत का नाहीत?" मी त्याला पद्धत समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली. पुढच्या सभेला तो आला नाही.

समिती होती, अध्यक्ष होता, ठरावही होते. त्याच्या खिशातलं पासबुक मात्र गेलं. हा कागदावर न दिसणारा बदल तुमच्या अहवालात आलाय का?

---

ओसरी

गुरुजी, नाही आला. अहवालाच्या प्रश्नावलीत 'अनुदान वेळेवर मिळाले का' एवढंच होतं. पासबुक कोणाच्या खिशात असतं हे विचारायचं कोणाला सुचलंच नाही. मूळ लेखकांना आजच कळवते.

---

सातबारा

'कारभार' छान आहे, पण मराठीत तो 'बारभाईंचा' व्हायला वेळ लागत नाही :)

गंमत बाजूला ठेवू. तुम्ही म्हणता तो दुसरा अर्थ, अनेकांच्या जाळ्यातून चालणारा कारभार, त्याला आपल्याकडे हाच शब्द आहे. आज 'बारभाईंचा कारभार' म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. पण मूळचे बारभाई तसे नव्हते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांच्या विरोधात सखारामबापू, नाना फडणीस आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले. १७७४ साली सवाई माधवराव जन्मले आणि त्या तान्ह्या पोराच्या नावाने त्यांनी राज्य चालवलं. पुढे त्यांच्यातही फाटाफूट झाली, पण गादी रिकामी असताना घडी त्यांनीच सांभाळली.

म्हणून 'अनेक हात' हा दोष मानायचं कारण नाही. कोणता हात कशाला बांधील आहे हे माहीत हवं. आजच्या एखाद्या झेडपी शाळेभोवती किती हात आहेत बघा: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, डाएट (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था), एससीईआरटी (राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद), समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेची यंत्रणा, सीएसआरवाली म्हणजे सामाजिक कामाला निधी देणारी कंपनी, टॅब देणारी संस्था, दत्तक शाळा योजनेतला देणगीदार. यातल्या ग्रामपंचायतीला गाव निवडणुकीत धडा शिकवू शकतं. टॅब देणाऱ्या संस्थेला कोण विचारणार? ती तीन वर्षांनी प्रकल्प संपला म्हणून निघून जाते.

---

रोखठोक

सगळ्यांची क्षमा मागून लिहितो. मला ही चर्चा पटत नाही. आमच्या तालुक्यात पहिली ते चौथीच्या शाळेत एक शिक्षक चारही वर्ग सांभाळतोय. त्याला शासन म्हणा, अभिशासन म्हणा, कारभार म्हणा, त्या पोरांना काय फरक पडतो? दुसरा शिक्षक द्या. शब्दांच्या मागे लागून संशोधक मंडळी मूळ दुखण्यापासून लांब जातात, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रागावू नका.

---

ओसरी

@रोखठोक, अजिबात राग नाही. उलट तुमच्याच शाळेपासून सुरुवात करू.

दुसरा शिक्षक का नाही? कारण एक तर पद मंजूर नाही किंवा मंजूर पद रिकामं आहे. मंजूर पदं किती हे संचमान्यता ठरवते. संचमान्यता पटावर ठरते. आणि पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं असं तुम्हा-आम्हाला वाटतं, पण गेल्या काही वर्षांत संचमान्यतेसाठी मोजली जातात ती आधार वैध ठरलेली मुलं. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारीख जुळली नाही, ऊसतोड कामगारांच्या मुलाचं आधारच निघालेलं नाही, की ते मूल पोर्टलवर लाल दिसतं. ते रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण शिक्षकाच्या पदासाठी ते हिशेबात नसतं. अशी दोन-चार मुलं कमी पडली की पद जातं.

मी एका शाळेत हे समोर बसून पाहिलं. बाई मोबाईलवर माहिती भरत होत्या. तिसरीतल्या एका मुलीच्या दाखल्यावर 'आरती', आधारवर 'आरति'. बाईंनी तिच्या आईला बोलावलं, तालुक्याच्या आधार केंद्रावर जायला सांगितलं. आईचा एक दिवसाचा रोज बुडाला. दुरुस्ती होऊन येईपर्यंत मुदत संपली होती. आता सांगा, हे कोणी ठरवलं? वेलांटीवर पद अवलंबून ठेवायचं हा निर्णय कुठल्या सभेत झाला, आणि त्या आईने कोणाला जाब विचारायचा?

तुमच्या शाळेला दुसरा शिक्षक हवा, यात माझं दुमत नाहीच. तो का मिळत नाही हे शोधत गेलं की जिथे पोहोचतो, त्या जागेला नाव हवंय मला.

---

रोखठोक

हं. आमच्याकडेही दोन मुलांचं आधारच निघालेलं नाही. उद्या गुरुजींना विचारतो.

---

तळटीप

मी आकड्यांत काम करणारा माणूस. ओसरी, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या मोजपट्टीबद्दल थोडं.

केंद्राने २०१७-१८ पासून राज्यांची शालेय शिक्षणातली कामगिरी मोजायला पीजीआय नावाचा निर्देशांक काढला. एकूण १००० गुण, ७० निकष, पाच विभाग. त्यात मुलांच्या अध्ययन निष्पत्तीला १८० गुण आणि 'गव्हर्नन्स प्रक्रियां'ना ३६०. बरोबर दुप्पट! मुलं किती शिकली यापेक्षा कारभाराला दुप्पट वजन. या ३६० मध्ये काय मोजायचे? मुलांचे ओळख क्रमांक जोडले का, हजेरी डिजिटल आहे का, निधी राज्याकडून पुढे सरकायला किती दिवस लागले, शाळांना भेटी किती झाल्या. यातलं निधीचे दिवस मोजणं मला खरोखर मोलाचं वाटतं. पण बहुतेक निकष 'वरच्याला खालचं दिसतं का' हे तपासणारे. 'खालच्याला वरचं दिसतं का' हे विचारणारं फार थोडं. पुढे २०२१-२२ पासून रचना बदलली आणि या विभागाचे गुण १३० वर आले, अध्ययन निष्पत्तीचे २४० झाले.

दुसरं यूडायसचं, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीचं. दरवर्षी शाळा जी माहिती भरते त्यात व्यवस्थापन समिती स्थापन झाली का, सदस्य किती, स्त्रिया किती, सभा किती झाल्या, विकास आराखडा केला का, असे रकाने असतात. हे आकडे घेऊन लोक शोधनिबंध लिहितात. मीही लिहिलाय. पण 'सभा: १०' या आकड्यात सभा झाली की सह्या झाल्या हे कळत नाही. दहा वर्षं हे आकडे हाताळल्यावर सांगतो, त्या रकान्याला कारभाराचा पुरावा मानू नये. माझ्या निबंधात मी तो मानला होता. आज लिहिला तर तसं करणार नाही.

---

चांदणचुरा

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. माझी मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. वरची सह्यांची गोष्ट वाचली म्हणून लिहायला बसले.

कायद्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात. आमच्या सभेत पालक होते, बायकाही निम्म्या होत्या. मी निवडून आले तेव्हा पहिली सभा अशी झाली: सर म्हणाले, ताई, इथे सही करा. प्रोसिडिंगच्या वहीत ठराव आधीच लिहिलेले. सूचक म्हणून एकीचं नाव, अनुमोदक म्हणून दुसरीचं. त्या दोघी सभेला आलेल्याच नव्हत्या. सर वाईट नाहीत हो. त्यांना तेव्हा बारा कमिट्यांच्या वह्या भराव्या लागायच्या, माता-पालक संघ वेगळा, परिवहन समिती वेगळी, मुलांच्या सुरक्षिततेची सखी सावित्री वेगळी. माणसं तीच, वह्या वेगळ्या.

मी तीन सभा सही केली. चौथ्या सभेला मी म्हटलं, सर, वही आज कोरी राहू द्या. आपण बोलू, मग लिहू. बायका पहिल्यांदा गप्पच. मग एक म्हणाली, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून तिची मुलगी दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. हे दीड वर्षात एकदाही वहीत आलं नव्हतं. पुढच्या सोमवारी कडी बसली. ऐंशी रुपयांची कडी होती.

आता एक विचारायचंय. आम्ही ठराव केला की शाळेला शिक्षक द्या. तो वर पाठवला. आठ महिने झाले, उत्तर नाही. ठराव पाठवण्यापलीकडे समितीला काही अधिकार असतो का?

---

जुनीपाटी

ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. मी मुख्याध्यापक असताना माझी वहीसुद्धा आधीच लिहिलेली असायची. तुमचं वाचून आज ते बोचलं.

अधिकाराबद्दल: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये समितीची कामं दिली आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस, अनुदानाच्या वापरावर देखरेख. देखरेख आणि शिफारस, एवढंच. शिक्षक नेमायचा किंवा बदली थांबवायची ताकद त्यात नाही. पण मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्यासाठी जिल्हा परिषदेच्या यंत्रणेकडे, करता येते आणि ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते. ठराव वेगळा, तक्रार वेगळी. ठराव नुसता पाठवू नका, तक्रारीला जोडा, आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

---

टेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये राहते. मुलीच्या प्राथमिक शाळेत चार वर्षं 'पॅरेंट गव्हर्नर' होते, पालकांच्या मतांवर निवडून आलेली. घरी सांगितलं तेव्हा बाबांना राज्यपाल वाटलं!

इथे १९८८ च्या कायद्यानंतर शाळेचं अंदाजपत्रक शाळेच्याच नियामक मंडळाच्या हातात आलं. चांदणचुरा, आमचं मंडळ मुख्याध्यापकाची नेमणूक करायचं. मी स्वतः त्या मुलाखतीच्या पॅनेलवर होते. म्हणून तुमचा 'अधिकार असतो का' हा प्रश्न मला लागला. पण अधिकाराबरोबर ओझंही येतं. दोनशे पानांची कागदपत्रं वाचून रात्री सात वाजता सभा, बिनपगारी. ज्यांच्या दोन-दोन पाळ्या असतात ते पालक येऊच शकत नाहीत. आमच्या मंडळात सफाईकाम करणारी आई एकही नव्हती. तुमच्याकडे कायद्याने वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा आहे, ती इथे नाही.

आणि मुलगी आता ज्या माध्यमिक शाळेत आहे ती अनेक शाळांच्या एका ट्रस्टची आहे. तिथे निर्णय ट्रस्टच्या मंडळात होतात, शाळेपासून चाळीस मैलांवर. स्थानिक समिती आहे, पण तिला सल्ला द्यायचा तेवढा अधिकार.

---

मृण्मयी

म्हणजे तिकडेही 'शिफारस'च.

---

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अहवालाची पहिली वीस पानं पुन्हा काढली. सगळीकडे एकच शब्द बसवायचा हट्ट सोडला. जिथे मोजपट्टी आहे तिथे 'कारभाराचा दर्जा'. जिथे अनेकांच्या हातून निर्णय होतो तिथे नुसतं 'कारभार', आणि कोणाकोणाचा ते त्याच वाक्यात. जिथे लेखकांना फक्त सरकार म्हणायचंय तिथे 'शासन'. असं करताना सात वाक्यं अशी सापडली की त्यांत कोणाचा कारभार हे मूळ मजकुरातच नाही. ती सातही वाक्यं लेखकांकडे परत पाठवली आहेत.

येत्या शिक्षण परिषदेत त्या मागच्या बाकावरच्या बाईंना भेटायचंय.

चांदणचुरा, तक्रारीचा मसुदा करायला मदत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ठरावाचा फोटो आणि तो वर पाठवल्याची तारीख तेवढी जवळ ठेवा.

---

चांदणचुरा

करते ताई. शनिवारी सभा आहे. ठरावाची पोच मात्र घेतलेली नाही, तेव्हा माहीतच नव्हतं. सोमवारी स्वतः तालुक्याला जाऊन आवक क्रमांक बघून येते.